जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४० – २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि आयुष्याचा बहुतांश काळ आयर्लंडमध्ये व्यतीत केलेले पशुवैद्य व संशोधक होते. हवा भरलेले रबरी टायर प्रत्यक्ष वापरात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८८७-८८ मध्ये बेलफास्ट शहरात, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी केलेल्या प्रयोगातून सायकल, मोटारसायकल आणि मोटार या तिन्ही वाहनांना उपयोगी पडणारे चाक जगासमोर आले.

या शोधाची मूळ कल्पना मात्र त्यांच्या आधी सुमारे ४० वर्षे रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश अभियंत्याला सुचलेली होती. डनलॉप यांना ती ठाऊक नव्हती. पुढे त्यांचे पेटंट (एकस्व) रद्दबातल ठरले, त्यांच्या नावाने चाललेल्या उद्योगातून ते बाहेर पडले आणि त्या उद्योगातील मोठी संपत्ती इतरांच्या हाती गेली. तरीही जगभर टायरशी जोडले गेलेले नाव त्यांचेच राहिले. त्यामुळे शोधाचे श्रेय, हक्क आणि लाभ ही तीन वेगवेगळी कशी असू शकतात, याचे उदाहरण म्हणून त्यांचे चरित्र अभ्यासले जाते.

बालपण आणि शिक्षण

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपला जन्म अपेक्षित वेळेच्या दोन महिने आधी झाला, असे त्यांना लहानपणी सांगण्यात आले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची समजूत झाली व ती अखेरपर्यंत टिकली. ते आयुष्यभर प्रकृतीला जपून, बेताबेताने वागत राहिले. वस्तुतः वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही.

शेतावर वाढल्यामुळे जनावरांचा आणि गाड्यांचा त्यांना जवळून परिचय होता. पुढे त्यांनी एडिंबर्ग येथे विल्यम डिक यांनी १८२३ मध्ये स्थापन केलेल्या पशुवैद्यक विद्यालयात शिक्षण घेतले आणि वयाच्या १९ व्या वर्षी ते पशुवैद्य झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले.

आयर्लंडमधील व्यवसाय

आयर्लंडच्या उत्तर भागातील डाउनपॅट्रिक या गावी जॉन यांनी आपले बंधू जेम्स यांच्यासह पशुचिकित्सालय सुरू केले. १८७१ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी झाला. या दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली. कालांतराने डनलॉप यांनी बेलफास्टमधील मे स्ट्रीट येथे आपला व्यवसाय हलवला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचे चिकित्सालय आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या चिकित्सालयांपैकी एक गणले जाऊ लागले.

त्या काळी शहरातील सगळी वाहतूक घोड्यांवर अवलंबून होती. मालाच्या गाड्या, प्रवासी बग्ग्या, घोड्यांच्या ट्राम या सर्वांना जनावरे लागत आणि त्यांच्या आजारपणात पशुवैद्य लागे. डनलॉप यांचे उत्पन्न चांगले होते व समाजात त्यांना मान होता. त्यांचा स्वभाव सौम्य. पण एकदा हाती घेतलेल्या गोष्टीबद्दल ते ठाम असत. यंत्रविद्येचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

तत्कालीन चाके आणि रस्ते

डनलॉप यांच्या प्रयोगाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील चाकांची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. आपल्याकडील बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव चढवलेली असे, तशीच ती युरोपातील घोडागाड्यांनाही असे. सायकलींना लोखंडाऐवजी भरीव रबराची पट्टी लावण्याची पद्धत रूढ झाली होती. तिच्यामुळे खडखडाट कमी झाला, तरी धक्के फारसे कमी झाले नाहीत.

भरीव चाकासमोर लहानसा दगड आला, तर त्यावर चढण्यासाठी चाकाला आणि त्यावरील संपूर्ण वाहनाला स्वारासकट वर उचलले जावे लागते. त्यात पुढे जाण्याची शक्ती खर्ची पडते. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर असे उचलणे व आदळणे अखंड चालू असते. म्हणजे अशा चाकामुळे शरीराला होणारा त्रास आणि मंदावणारी गती ही एकाच कारणाची दोन फळे होती. बेलफास्टचे रस्ते दगडी ठोकळ्यांनी बांधलेले होते व त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले होते. डनलॉप यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी याच रस्त्यांवर आपली तीनचाकी चालवीत असे.

अंगणातील प्रयोग

मुलाची सायकल अधिक सुखकर व वेगवान व्हावी या हेतूने डनलॉप यांनी १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रयोगास सुरुवात केली. त्यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी तयार करून ती तबकडीच्या कडेभोवती बसवली, तिच्यावर कापडाचे आवरण घातले आणि ते खिळ्यांनी तबकडीला ठोकून घट्ट केले. नंतर फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने त्या नळीत हवा भरली.

तुलनेसाठी त्यांनी मुलाच्या सायकलचे भरीव रबराचे चाक काढून घेतले. ही दोन्ही चाके त्यांनी अंगणात जोराने घरंगळत सोडली. भरीव रबराचे चाक वाटेतच थांबून आडवे झाले. हवा भरलेली तबकडी अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आपटली आणि उलट उसळली. या साध्या चाचणीने त्यांना अपेक्षेपेक्षा अधिक काही दाखवून दिले. हवेची गादी धक्का शोषून घेईल, हे तर्काने कळण्यासारखे होते. पण मऊ चाक भरीव चाकापेक्षा अधिक लांब जाईल, हे तेव्हाच्या समजुतीच्या विरुद्ध होते. चाक जितके कठीण तितके ते हलके चालते, असे सर्वसाधारणपणे मानले जाई.

लहान दगडावर आल्यावर हवेचे टायर तेवढ्याच भागापुरते आत दबते आणि दगड मागे पडताच पूर्ववत होते. वाहन वर उचलले जात नाही, म्हणून शक्ती वाचते. यानंतर डनलॉप यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेची टायरे बसवली आणि ती सायकल मुलाच्या स्वाधीन केली. तिची चाल पाहून समाधान झाल्यावर ते मोठ्या सायकलच्या चाकांकडे वळले. या सायकलची चाचणी बेलफास्टच्या दक्षिणेकडील चेरीव्हेल क्रीडांगणावर झाली व तिचे निष्कर्ष पहिल्याहून अधिक उत्साहवर्धक होते.

पेटंट आणि पहिल्या शर्यती

डनलॉप यांनी २३ जुलै १८८८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला व ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. बेलफास्टमधील एडलिन आणि कंपनी या सायकल तयार करणाऱ्या पेढीने त्यांच्या टायरांना योग्य अशा सायकली बांधण्यास सुरुवात केली. हवेचे टायर जाड असल्यामुळे नेहमीच्या सायकलच्या चौकटीत ते मावत नसे. त्यामुळे चौकटीच बदलाव्या लागल्या.

या फुगीर टायरांची प्रथम थट्टाच झाली. कडक, अरुंद चाकांची सवय असलेल्या लोकांना ती बेढब वाटत. ही थट्टा थांबवण्याचे काम विल्यम ह्यूम या सायकलपटूने केले. बेलफास्टमधील एका सायकल मंडळाचे ते कर्णधार होते. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या सामन्यांत त्यांनी हवेच्या टायरांची सायकल वापरली आणि ज्या चार शर्यतींत भाग घेतला त्या चारही जिंकल्या. लवकरच इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथेही त्यांनी यश मिळवले.

मूळ हेतू एका मुलाला बसणारे हादरे कमी करण्याचा होता. परंतु जनमानसावर प्रभाव पडला तो वेगाचा. शर्यतीत हरलेल्या स्पर्धकांना हवेचे टायर घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. काही वर्षांतच भरीव रबराची टायरे शर्यतीतून जवळजवळ नाहीशी झाली.

कंपनीची स्थापना

आयरिश सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष हार्व्ही द्यू क्रो हे डब्लिनमधील व्यावसायिक होते. त्यांचे मुलगे स्वतः नावाजलेले सायकलपटू होते. हवेच्या टायरांचा प्रभाव पाहून द्यू क्रो यांनी या शोधात व्यापारी शक्यता ओळखली. १८८९ मध्ये डब्लिन येथे न्यूमॅटिक टायर अँड बूथ्स सायकल एजन्सी या नावाने कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले व ते तिच्या कारभारात सहभागी झाले. व्यवहाराची सूत्रे मात्र प्रथमपासून द्यू क्रो यांच्याकडे होती.

कंपनीचे आरंभीचे उत्पादन डब्लिनमध्ये होत असे. रबर व त्यासाठी लागणारे द्रावक यांच्या उग्र वासाबद्दल शहरात तक्रारी झाल्या आणि कालांतराने उत्पादन इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरात नेण्यात आले. कॉव्हेंट्री हे तेव्हा ब्रिटिश सायकल उद्योगाचे केंद्र होते. अशा रीतीने ज्या बेटावर हा शोध व्यवहारात उतरला, तेथून त्याचा उद्योग अल्पावधीतच बाहेर गेला.

थॉमसन यांचे पूर्वीचे पेटंट

कंपनी स्थापन होऊन फार काळ लोटला नाही तोच १८९० मध्ये डनलॉप यांना त्यांचे पेटंट वैध नसल्याचे अधिकृतपणे कळवण्यात आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन (१८२२–१८७३) यांनी याच कल्पनेचे पेटंट १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये, १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेत घेतले होते. थॉमसन हे स्कॉटलंडमधील स्टोनहेवन गावचे. पेटंट घेतले तेव्हा त्यांचे वय केवळ २३ वर्षे होते. रबर लावलेल्या कापडाच्या नळीत हवा भरून तिच्यावर चामड्याचे आवरण चढवायचे, अशी त्यांची योजना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना अशी चाके बसवून त्यांनी प्रात्यक्षिकही दाखवले होते.

थॉमसन यांचा शोध विस्मृतीत जाण्यामागे कल्पनेतील दोष हे कारण नव्हते. गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची क्रिया नुकतीच प्रचारात येत होती आणि योग्य प्रतीचे पातळ रबर महाग होते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, १८४० च्या दशकात अशा चाकांची निकड असलेले वाहनच अस्तित्वात नव्हते. घोडागाडी ओढण्याचे श्रम घोडा करीत असे व बसणाऱ्यांसाठी गाडीला कमानी असत. सायकलमध्ये ओढणारा आणि बसणारा एकच असतो. चाकाचा प्रत्येक दोष त्याच्या पायांना आणि पाठीला जाणवतो. डनलॉप यांचा प्रयोग झाला त्या सुमारास सायकल घरोघर पोहोचू लागली होती. म्हणून तीच कल्पना दुसऱ्या खेपेस रुजली.

डनलॉप यांनी थॉमसन यांची कल्पना उचलली असे मानण्यास आधार नाही. थॉमसन यांचे पेटंट इतके विस्मरणात गेले होते की, डनलॉप यांना पेटंट देतानाही त्याची आठवण झाली नव्हती. त्यामुळे आज थॉमसन यांना हवेच्या टायरचे पहिले शोधक आणि डनलॉप यांना स्वतंत्रपणे तोच शोध लावून तो व्यवहारात आणणारे संशोधक मानले जाते.

टायर काढता-घालता येऊ लागले

पेटंट हातचे गेल्यावर कंपनीला तगून राहण्यासाठी दुसरे आधार शोधावे लागले. डनलॉप यांच्या आरंभीच्या टायरमध्ये एक मोठी व्यावहारिक अडचण होती. हवेची नळी कापडाने चाकाच्या रिमला गुंडाळून चिकटवलेली असे. पंक्चर झाल्यास सगळे आवरण सोडवावे लागे. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने हे फार गैरसोयीचे होते.

यावरील उपाय इतरांनी शोधले. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० मध्ये टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घालून ते खोलगट रिममध्ये बसवण्याची पद्धत काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी कडेला जाड ओठ असलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा ओठ रिमच्या वळलेल्या कडेत अडकून बसे. ही दोन्ही पेटंटे कंपनीने मिळवली आणि त्यांच्या बळावर तिचा व्यवसाय सुरक्षित झाला. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारे टायर तयार केले व ते वापरून शार्ल तेराँ यांनी १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही दीर्घ पल्ल्याची शर्यत जिंकली.

आजच्या सायकल, मोटारसायकल व मोटारीच्या टायरांच्या कडेत तार असते. ती वेल्च यांच्या रचनेची परंपरा आहे. सायकलच्या ट्यूबला लागणारा, आतून रबराची बारीक नळी असलेला आणि भारतात अजूनही सर्वत्र आढळणारा व्हॉल्व्ह अनेक ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह या नावाने ओळखला जातो. तोही मुळात वुड्स यांच्या नावाचा आहे. नंतरच्या अनेक सुधारणा अशा प्रकारे डनलॉप यांच्या नावावर जमा होत गेल्या.

कंपनीपासून फारकत आणि उत्तरायुष्य

द्यू क्रो आणि डनलॉप यांचे व्यवसायाविषयीचे दृष्टिकोन भिन्न होते. १८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, द्यू क्रो यांनी हा व्यवसाय टेरा हूली या ब्रिटिश भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला. हूली यांनी संचालक मंडळात काही सरदार-उमरावांची नावे घालून तीच कंपनी समभागांच्या रूपाने जनतेला ५० लाख पौंडांना विकली. सायकलच्या लाटेवर झालेल्या या व्यवहारातील संपत्तीत डनलॉप यांचा वाटा नव्हता. हूली पुढे दिवाळखोर झाले. द्यू क्रो मात्र दीर्घकाळ कंपनीच्या शीर्षस्थानी राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवसायाला डनलॉप रबर कंपनी हे नाव मिळाले. डनलॉप यांचा दाढीधारी चेहरा कंपनीचे बोधचिन्ह म्हणून जगभर पोहोचला. ज्या कंपनीशी संबंध उरला नव्हता तिच्या मालावर आपले नाव व चेहरा पाहण्याचा अनुभव त्यांनी आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे घेतला.

निवृत्तीनंतर ते डब्लिनमध्ये राहत होते. तेथील एका कापड व्यवसायात त्यांचा सहभाग होता. हवेच्या टायरच्या शोधाची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, थंडी बाधून आलेल्या अल्पशा आजारानंतर, डब्लिनमधील बॉल्सब्रिज येथे त्यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची हकिगत मृत्यूनंतर द हिस्टरी ऑफ द न्यूमॅटिक टायर या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली.

मोटारसायकल आणि पुढचे टायर

डनलॉप कंपनीत होते त्याच काळात मोटारसायकलचा उदय झाला. जर्मनीत १८९४ पासून तयार होऊ लागलेली हिल्डेब्रांड उंड वोल्फम्यूलर ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली मोटारसायकल मानली जाते. तिला हवेचीच टायरे होती. इंजिनाचे वजन आणि वेग भरीव चाकांवर पेलणे कठीण गेले असते.

सायकलसाठी दोन्ही टायरे एकसारखी चालतात. मोटारसायकलमध्ये पुढच्या व मागच्या टायरांची कामे विभागली गेली आणि त्यांची घडणही वेगळी होत गेली. मागचे टायर इंजिनाची ओढ आणि सामानाचा बहुतेक भार सोसते. म्हणून ते रुंद असते व सहसा लवकर झिजते. पुढचे टायर दिशा देते. शिवाय ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या टायरवर येते. रस्त्याला टेकलेली त्याची जागा जेमतेम तळहाताएवढी असते. मागचे टायर घसरल्यास अनेकदा सावरता येते. पुढचे घसरल्यास स्वार बहुधा पडतोच. म्हणून लांब पल्ल्याच्या मोटारसायकलसाठी पुढच्या टायरची निवड हा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

पुढचे टायर तुलनेने अरुंद आणि अधिक गोलाईचे असते, जेणेकरून वळणावर वाहन सहज कलावे. खडबडीत रस्त्यांसाठीच्या मोटारसायकलींत पुढचे चाक व्यासानेही मोठे ठेवतात. भारतात तयार होणाऱ्या रॉयल एनफील्ड हिमालयन या मोटारसायकलला पुढे २१ इंची व मागे १७ इंची चाक असते. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते व दगडावर सहज चढते. डनलॉप यांनी हवेच्या साहाय्याने सोडवलेला प्रश्न येथे व्यासाच्या साहाय्याने आणखी पुढे नेलेला दिसतो.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे निवडीसाठी महत्त्वाचे असतात. उदाहरणार्थ, ९०/९०-२१ ५४ एस या खुणेत पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये दाखवतो. दुसरा आकडा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, म्हणजे येथे ती ८१ मिमी होते. २१ हा रिमचा व्यास इंचांत आहे. ५४ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ २१२ किलोग्रॅम असा होतो, तर एस हे अक्षर ताशी १८० किमी ही वेगमर्यादा दर्शवते. प्रवासी मोटारसायकलवर मागे सोबती आणि पेट्या असतात. त्यामुळे उत्पादकाने ठरवलेल्या निर्देशांकापेक्षा कमी निर्देशांकाचे टायर घालणे धोक्याचे असते. चार आकडी खूण निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगते. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरचे रबर कडक होते व ओल्या रस्त्यावरील त्याची पकड कमी होते.

बाणाने दाखवलेली फिरण्याची दिशाही पाळावी लागते. मागच्या टायरवर मुख्य ताण ओढीचा असतो व पुढच्यावर ब्रेकचा, म्हणजे उलट दिशेचा. नक्षी आणि आतील थरांचे जोड त्यानुसार ठरवलेले असतात. म्हणून एकाच नक्षीची टायरे पुढे व मागे परस्परविरुद्ध दिशेने बसवलेली आढळतात. आतील धागे तिरपे असलेले टायर आणि धागे आडवे असलेले रेडियल टायर यांची जोडी उत्पादकाच्या संमतीशिवाय जमवू नये, असा संकेत आहे. लांबच्या प्रवासासाठीच्या काही टायरांत मधला भाग कडक रबराचा आणि कडेचे भाग मऊ रबराचे असतात. सरळ रस्त्यावर टिकाऊपणा व वळणावर पकड असे दोन्ही हेतू त्यातून साधले जातात. नवे टायर घातल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर वाहन जपून चालवावे लागते, कारण नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

सर्वांत मूलभूत बाब हवेच्या दाबाची आहे. भार रबर पेलत नाही, आतील दाबलेली हवा पेलते. दाब कमी झाला तर हँडल जड होते, टायर तापते व कडेने झिजते. दाब अधिक झाला तर रस्त्याला टेकलेली जागा आक्रसते आणि हादरे वाढतात. म्हणून दाब टायर थंड असताना, प्रवासास निघण्यापूर्वी तपासावा लागतो.

भारताशी संबंध

डनलॉप स्वतः कधी भारताच्या उद्योगाशी संबंधित नव्हते. परंतु त्यांच्या नावाचा उद्योग येथे पोहोचला. डनलॉप रबर कंपनीच्या भारतीय शाखेने १९३६ मध्ये बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे टायरांचा कारखाना सुरू केला. अनेक दशके हा देशातील प्रमुख कारखान्यांपैकी एक होता. नंतर मालकीचे फेरबदल, आर्थिक अडचणी व कामगारांचे प्रश्न यांतून जात तो बंद पडला. मूळ ब्रिटिश कंपनीही १९८५ मध्ये बी.टी.आर. या उद्योगसमूहाने घेतली. डनलॉप हे नाव आता निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मालकांकडे आहे.

महाराष्ट्रात हवेच्या टायरचा परिणाम रस्त्यांइतकाच शेतीतही दिसतो. साखर कारखान्यांकडे ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांना लाकडी चाक व लोखंडी धाव यांच्या जागी रबरी टायरे आली व अशा गाडीला टायरगाडी हे नाव पडले. त्यामुळे एका फेरीत अधिक ऊस नेता येऊ लागला आणि चाक मऊ जमिनीत रुतणे कमी झाले. रबराच्या फेसापासून गाद्या करण्याची पद्धत डनलॉप रबर कंपनीने १९२९ च्या सुमारास विकसित केली. त्यामुळे मराठी घरांत डनलॉप या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ मऊ गादी असाच घेतला जाई.

स्मृती आणि मूल्यमापन

डनलॉप यांनी तयार केलेले आरंभीचे टायर एडिंबर्ग येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले होते.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतात. डनलॉप यांनी टायरचा शोध लावला, असे सरसकट विधान थॉमसन यांच्यावर अन्याय करणारे आहे. उलट, त्यांना केवळ दुसऱ्याची कल्पना पुन्हा मांडणारे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. थॉमसन यांच्या पेटंटनंतर चार दशके जग भरीव चाकांवरच चालत होते. अंगणातील प्रयोग, त्यातून काढलेला निष्कर्ष, मागच्या दोन चाकांपासून पूर्ण सायकलपर्यंत टप्प्याटप्प्याने घेतलेली चाचणी आणि शर्यतीच्या मैदानावर दिलेला पुरावा या क्रमामुळे हवेचे टायर समाजाने स्वीकारले. त्यानंतर वेल्च, बार्टलेट व मिशलँ बंधू यांनी ते वाटसरूच्या उपयोगाचे केले आणि द्यू क्रो यांनी त्याचा उद्योग उभारला.

या साखळीतील डनलॉप यांचा दुवा आर्थिकदृष्ट्या सर्वांत लाभदायक नव्हता आणि कालक्रमाने पहिलाही नव्हता. तथापि, तो निखळला असता तर पुढील दुवे त्या काळी जोडले गेले असते किंवा नाही, हे सांगणे कठीण आहे. व्यवसायाने जनावरांचे वैद्य असलेल्या या गृहस्थाने मुलाच्या खेळण्यातील एक उणीव गांभीर्याने घेतली, आणि आज दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकाचा भार त्या प्रयत्नातून आलेल्या हवेच्या गादीवर तोलला जातो.